दोन खोल्यांतले नऊ आणि थ्री बीएचकेतले सहा

पत्र थोडक्यात : सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे ६३ वर्षांचे एक वाचक लिहितात. टॉवेलच्या कारखान्यात ते हिशेबाचं काम बघायचे, आता निवृत्त आहेत. वडील गिरणी कामगार होते, त्यामुळे बालपण चाळीत, दोन खोल्यांत नऊ माणसांत गेलं. १९९४ साली त्यांनी सोसायटीच्या प्लॉटवर स्वतःचं बैठं घर बांधलं. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि मागच्या बाजूला न्हाणी-संडास, सगळं मिळून साडेपाचशे चौरस फूट. आज तिथं सहा जण राहतात : ते, त्यांची पत्नी, मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. मुलीचं लग्न झालंय, ती बार्शीला असते. मुलाला शहराच्या नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात, ६२ लाखांचा थ्री बीएचके घ्यायचाय. इमारतीचं काम अजून चालू आहे. जुनं घर विकलं तर ३० लाख येतील, वडिलांनी फंड आणि ग्रॅच्युइटीचे १४ लाख घालावेत, उरलेलं कर्ज मी काढतो, असं तो म्हणतो. वाचक विचारतात : "आम्ही नऊ जण दोन खोल्यांत आनंदानं राहिलो. यांना सहा जणांना तीन बेडरूम, तीन बाथरूम, एसी कशाला पाहिजेत? सुनेला कामासाठी वेगळी खोली पाहिजे म्हणे. नाही म्हणालो तर मी हेकट ठरतो, हो म्हणालो तर जन्माची कमाई भिंतींत जाते. काय करू?"

काका, नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र सावकाश वाचलं. पैशाची तुमची भीती मला पटते, तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी तुमचं सगळं पत्र ज्या वाक्यावर उभं आहे तिथं जरा थांबू या. "आम्ही नऊ जण दोन खोल्यांत आनंदानं राहिलो."

ते नऊच्या नऊ जण एका वेळी त्या खोल्यांत किती तास असायचे, आठवून बघा. तुम्हीच लिहिलंय की वडील कधी पहिल्या पाळीला, कधी रात्रपाळीला जायचे आणि तुमचे काका दुसऱ्या गिरणीत होते. एक जण कामावर निघाला की त्याच्या अंथरुणावर दुसरा आडवा व्हायचा. भोंगा झाला की घर भरायचं आणि भोंगा झाला की रिकामं व्हायचं. शाळा सुटली की तुम्ही पोरं दप्तर टाकून जे पळायचात ते दिवेलागणीला परत. अभ्यास देवळाच्या ओवरीत. पाहुणे आले की शेजारच्या खोलीत अंथरुणं पडायची. लग्नाचा मांडव गल्लीत. उन्हाळ्यात तर सगळी चाळ रात्री बाहेर, बाजा टाकून. संडास चाळीच्या टोकाला, पाणी सामाईक नळावर.

म्हणजे स्वयंपाक, भांडीकुंडी आणि थंडी-पावसातली झोप एवढ्यापुरत्या त्या दोन खोल्या होत्या. बाकीचं घर बाहेर पसरलेलं होतं. ओटा होता, गल्ली होती, तालीम होती, देऊळ होतं, शेजाऱ्याचं उघडं दार होतं. त्याचं भाडं कुणी मागत नव्हतं आणि त्याचे चौरस फूट कुणी मोजत नव्हतं. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि पुढं गिरण्या वाढल्या तशा त्यांच्या आसऱ्यानं अशा वस्त्या वाढल्या. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तसं ते पाळ्यांचं, भोंग्यांचं, सामाईक आयुष्यही विस्कटलं. आज तुमच्या गल्लीत काय आहे, ते तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय : दोन्ही बाजूंना दुचाक्या, मधून सुताचे टेम्पो आणि रिक्षा, म्हणून नातवाला तुम्ही फाटकाबाहेर सोडत नाही. अगदी बरोबर करता. पण मग त्या पोरानं पळायचं कुठं? तुमच्या लहानपणी जे घराबाहेर फुकट मिळत होतं, ते तुमच्या मुलाला आता घराच्या आत विकत घ्यावं लागतंय. तो जास्त मागतोय असं वाटतं खरं, पण तुमच्याकडे होती तेवढीच जागा तो मागत असेल, अशीही शक्यता आहे.

आता "आनंदानं" हा भाग. तुमचा आनंद खोटा होता असं मी म्हणत नाही. दहा वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत खरंच मजा वाटली असणार. पण तुमच्या आई पहाटे चारला उठायच्या, हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. चारलाच का, हे कधी त्यांना विचारलं होतंत? गिरणीच्या चाळींत आणि वाड्यांत संसार केलेल्या कितीतरी बायकांनी मला याचं उत्तर दिलंय. अंधार असताना संडासला जाऊन यायचं, पुरुषमाणसं उठायच्या आत मोरीत साडीचा आडोसा करून अंघोळ उरकायची. त्या घरात आडोसा म्हणून एवढंच होतं, काळोख आणि एक साडी. महिन्याचे कपडे वाळवायला जागा नसायची. बाळंतीण आणि पाळीवरून आलेला दीर एकाच खोलीत. नवीन सून आली की सासू-सासऱ्यांनी ओट्यावर झोपायला जायचं, तेही पावसाळा नसेल तर. या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या दिवसांच्या आठवणी त्या प्रेमानं सांगतात, शेजारणींची नावं घेताना त्यांचे डोळे भरतात. पण आपल्या नातीनं तसं राहावं, असं त्यांच्यातल्या एकीनंही मला म्हटलेलं नाही.

तुमच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, ती तुम्ही गंमत म्हणून लिहिली असावी. १९९४ साली तुम्ही घराला जोडून संडास बांधायला काढलात तेव्हा तुमचे वडील चिडले. "राहत्या घराला लागून संडास? आम्ही काय राहिलो नाही का?" असं म्हणून दोन दिवस ते तुमच्याशी बोलले नाहीत. पुढं गुडघे दुखायला लागल्यावर रात्री-अपरात्री त्यांनी तोच वापरला. काका, मला पत्रातली ही सगळ्यात मोलाची ओळ वाटली. गॅस, दार लागणारी बेडरूम, शहाबादीच्या जागी मोझॅकची फरशी, डोक्यावर मातीच्या माळवदाऐवजी स्लॅब : वडिलांच्या नजरेनं बघितलं तर तुमचं हे साडेपाचशे फुटांचं घर म्हणजे चैनच होती. "कशाला पाहिजे?" हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला होता. तुम्ही वाद घातला नाहीत, बांधून मोकळे झालात. तसं केलंत म्हणून तुमच्या आईला म्हातारपणी पहाटे चारला उठावं लागलं नाही.

या नजरेनं मुलाच्या मागण्या एकेक करून बघू. सगळ्या सारख्याच वजनाच्या नाहीत.

सुनेची खोली. तुम्ही लिहिता, "घरातच बसून काम करायचं तर खोली कशाला?" पण तुम्ही पूर्व भागातले आहात. घरात बसून काम करणं तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय? मांडीवर सूप घेऊन दारात विड्या वळणाऱ्या बायका तुमच्या गल्लीत आजही असतील. खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड, अशी कितीतरी घरं तुमच्या आसपास आहेत. मागाला पूर्ण तळमजला देताना कुणी "कशाला पाहिजे?" असं विचारलं नाही, कारण त्यावर घर चालत होतं. तुमची सून चार दुकानांचे हिशेब घरून लिहिते, जीएसटीचे तक्ते भरते, म्हणजे मूळ काम तुमचंच करते. तिच्या पैशातून मुलांच्या फिया जातात, असंही तुम्ही लिहिलंय. तिला मागासारखी लांब-रुंद जागा नको आहे. आठ बाय आठ फूट, एक खिडकी आणि लावता येईल असं दार मिळालं तरी पुरे. आज ती स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून, कुकरच्या शिट्ट्यांत आकडे जुळवते. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाला यातला त्रास मी सांगायला नको.

नातीची जागा. ती दहाची आहे. वर्षा-दोन वर्षांत तिला कपडे बदलायला, एकटं बसायला, रडायलासुद्धा एक कोपरा लागेल. यावर मी फार लिहीत नाही, काकूंना विचारा.

एसी. सोलापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते सोलापूरकराला काय सांगायचं? पारा ४३ च्या पुढं जातो. जुन्या माळवदाच्या घरात लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर असायचा, तो दिवसाचं ऊन आत येऊ देत नसे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडत राहतो. त्यामुळे "आम्ही कुठं एसीत झोपलो?" ही तुलना नीट बसत नाही, तुमच्या डोक्यावरचं छप्परच वेगळं होतं. म्हणून तीन खोल्यांत तीन एसी लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी स्लॅबवर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा पांढरा थर द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा बांबूच्या चिकाचा पडदा करा, समोरासमोर हवा खेळेल असं बघा. एवढ्यानं आतला उकाडा काही अंशांनी उतरतो. त्यानंतरही लहान मुलं आणि म्हातारी माणसं झोपतात त्या एका खोलीत एसी असला तर त्याला उधळपट्टी म्हणू नका.

आता जिथं मला मुलाचं पटत नाही ते. तिसरी बेडरूम "पाहुण्यांसाठी" आहे म्हणे. सोलापूर हे वाटेवरचं गाव. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, कुठंही निघालेला नातेवाईक पूर्वी आपल्याकडे मुक्कामाला पडायचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तर गावाकडची माणसं घरात मावायची नाहीत. आता तीच माणसं स्वतःच्या गाडीनं सकाळी येतात, दर्शन घेतात, आपल्याकडे जेवतात आणि संध्याकाळपर्यंत घरी पोचतात. वर्षातले किती दिवस कोण राहायला येतं, हे मुलाला वहीत लिहून काढायला सांगा. बार्शीची लेक दिवाळीला येते तेव्हा तिला वेगळी खोली नको असते, आईशेजारी अंथरूण हवं असतं. त्या आठ-दहा रात्रींसाठी वर्षभर एका खोलीचं व्याज भरायचं का, याचा विचार सगळ्यांनी मिळून करावा.

तीन बाथरूमचंही तसंच. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर पाइपातून येणारं पाणी या शहराला वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड मिळालेलं आहे. अशा गावात घर बघताना बाथरूम किती हे विचारण्याआधी खालचा हौद केवढा, वरची टाकी केवढी, बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का आणि टँकर कोणाच्या खर्चानं येतो, हे विचारायला हवं. सहा माणसांना दोन संडास हवेत, त्यातला एक कमोडचा हवा. तिसरा नसला तर काही अडत नाही.

म्हणजे गरज खरी आहे, पण ती थ्री बीएचकेएवढी नाही. लावता येतील अशी आणखी दोन दारं आणि एक संडास. तुम्ही दोघं इतके दिवस खोल्यांच्या संख्येवर भांडताय, आणि ती संख्या बिल्डरच्या जाहिरातीतून आलेली आहे. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत घरात कोण, कुठं, काय करतं, ते एकदा सहाही जणांनी मिळून कागदावर मांडा. कुठल्या वेळी कोण कोणाच्या आड येतं, ते आपोआप दिसेल. बहुतेक घरांत अडचण सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सात ते दहा एवढीच असते. तेवढी सोडवायला किती बांधकाम लागतं, ते मग बघा.

आता पैसे. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

मुलगा म्हणतो, ६२ मधून ३० आणि १४ गेले, राहिले १८. पण हिशेब तिथं संपत नाही. मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के धरलं तर पावणेचार लाखांच्या आसपास जातात, वर नोंदणीचे ३० हजार. इमारत अपुरी असताना घेतली तर एवढ्या किमतीच्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीन लाख दहा हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही, त्यामुळे घाई करण्याआधी एवढं तरी बघाच. फर्निचर धरलं नाही तरी १८ चे २५ लाख होतात. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २५ लाख काढले तर महिना सुमारे २१,७०० रुपये हप्ता बसतो आणि शेवटी ५२ लाखांच्या वर परतफेड होते.

आणि तुमचे १४ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० वर्षांवरच्या माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२३ पासून तिथं ८.२ टक्के व्याज आहे, दर तिमाहीला मिळतं. १४ लाखांवर तिमाहीला २८,७०० रुपये, म्हणजे महिना साडेनऊ हजार. तुमची पेन्शन अडीच हजार आहे. हे १४ लाख गेले की औषधाला, भिशीला, नातवाच्या हातावर ठेवायच्या दहा रुपयांनासुद्धा तुम्हाला मुलाकडे बघावं लागेल. मुलगा चांगला आहे हे तुम्ही चार वेळा लिहिलंय आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरीसुद्धा हे पैसे घालू नका. चांगल्या मुलाचीसुद्धा नोकरी जाते, हप्ते थकतात, आणि तेव्हा घरात कुणाकडे तरी थोडी गंगाजळी असणं सगळ्यांच्याच कामी येतं. हे त्याला तुम्ही असंच सांगू शकता, त्यात अविश्वासाचा सूर यायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलीची. घर तुमच्या कमाईचं आहे, तुम्ही ते हवं त्याला देऊ शकता. पण मृत्युपत्र न करता काही झालं तर काकू, मुलगा आणि मुलगी यांचा त्यात सारखा वाटा असतो. घर विकून सगळी रक्कम मुलाच्या नावच्या फ्लॅटमध्ये घातली की मुलीचा वाटा कुणी काही न बोलता पुसला जातो. तिला काही नको असेल, ती कदाचित आनंदानं हो म्हणेल. पण तिला आधी विचारा, नंतर कळवू नका.

मग करायचं काय?

मला सगळ्यात आधी तुमच्या प्लॉटवरच वर एक मजला चढवता येईल का, हे बघावंसं वाटतं. तुमच्या पत्रात या पर्यायाचा उल्लेखच नाही आणि मुलाच्याही बोलण्यात तो आलेला दिसत नाही. तुम्ही दोघं खाली, ती चौघं वर, वरती दोन खोल्या, सुनेची छोटी खोली आणि एक संडास-बाथरूम. स्वयंपाक एकच ठेवायचा की दोन, ते बायकांनी ठरवावं. पण यासाठी पाया कसा आहे हे कळायला हवं. आपल्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तुमचं घर कॉलमवर उभं आहे की नुसत्या भिंतींवर, पाया मुरमापर्यंत नेलेला आहे का, भिंतींना तिरक्या चिरा आहेत का, याची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या. गवंड्याच्या किंवा ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका, आणि महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय वीट लावू नका. जमत असेल तर खर्च फ्लॅटच्या मानानं खूपच कमी येईल. समजा मुलानं एकट्यानं १५ लाख काढले, तर त्याच दरानं हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो. घर तुमचं राहतं, पैसे तुमचे राहतात. वरच्या मजल्यावर पैसा मुलाचा लागणार, म्हणून त्याचा हक्क मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. खालच्या मजल्याचं काय, तेही त्यातच लिहा.

पाया तेवढं ओझं घेणार नसेल तर मुलानं स्वतःच्या ऐपतीत टू बीएचके घ्यावा, शक्यतो तुमच्या बाजूलाच, नाहीतर जुळे सोलापुरात. वेगळं राहणं म्हणजे घर फुटणं, अशी भीती तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे. पण सहा जण एका दाराआड कोंडून रोज धुसफुसण्यापेक्षा वीस मिनिटांवर राहून रविवारी एकत्र जेवणं नात्याला जास्त मानवतं, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. निर्णय होत नसेल तर अकरा महिन्यांच्या करारावर तिकडे एक फ्लॅट भाड्यानं घेऊन मुलगा-सून-नातवंडांनी राहून बघावं. उन्हाळा त्यात आला पाहिजे. पाणी किती येतं, शाळेला किती वेळ लागतो, आजी-आजोबांशिवाय सुनेचं काम आणि मुलं दोन्ही सांभाळता येतात का, हे भाड्याच्या पैशात कळतं. विकलेलं घर परत मिळत नाही.

एवढं सगळं होऊनही फ्लॅटच घ्यायचा ठरला आणि तुमचं घर विकायचं ठरलं, तर खरेदीखतावर तुमचं आणि काकूंचं नाव हवं. जेवढी रक्कम तुमची, तेवढा हिस्सा तुमचा, आकड्यानिशी. बक्षीसपत्र वगैरे करून देऊ नका. काही कारणानं करावंच लागलं, तर आम्हा दोघांचा सांभाळ करण्याच्या अटीवर देत आहोत, असं त्यातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ अशा अटीवर आधार देतं, आणि दाद प्रांताधिकाऱ्यांकडे मागता येते. चौरस फूट विचाराल ते फक्त कार्पेट एरियाचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचे, आणि प्रकल्पाची महारेराकडची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची, नोंद स्वतः तपासा.

काकूंच्या नावाबद्दल जरा जास्त बोलते. आपल्याच शहराच्या बाहेर, कुंभारीला, विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिथंच नंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. ही घरं ज्या पंतप्रधान आवास योजनेतली, तिच्यात त्या वेळी सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटासाठी घर ३० चौरस मीटरपर्यंतचं होतं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. तुमच्या आजच्या घरापेक्षा लहान. पण जन्मभर भाड्याच्या खणात राहून सुपावर पाठ वाकवलेल्या बाईला स्वतःचा संडास आणि स्वतःचं दार असलेलं ते घर केवढं मोठं वाटतं, हे तुमच्या मुलानंही एकदा जाऊन बघावं. त्या योजनेत घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह असावं, असा नियम आहे. गरिबातल्या गरीब घरासाठी हे आवश्यक मानलं गेलं. तुमच्या चार पानांत मात्र कारखान्याच्या शेठजींपासून बिल्डरच्या एजंटपर्यंत सगळ्यांची मतं आहेत, काकूंचं मत नाही. त्यांच्यावर एकच ओळ आहे : "सौ.ला गुडघ्यांचा त्रास आहे, ती काही बोलत नाही."

काका, बोलत नाही म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही, असं धरून चालू नका. त्या घरात सगळ्यात जास्त तास त्याच काढतात. हौदातून पाणी त्याच उपसतात, मागच्या दोन पायऱ्या उतरून संडासला त्याच जातात, खाली बसताना कळ त्यांनाच येते. मुलाशी पुढचं बोलणं करण्याआधी त्यांना घेऊन कुठंतरी बसा. सिद्धेश्वर तलावाकाठी जा संध्याकाळी. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारू नका, त्यावर त्या "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतील. "तुला या घरात काय त्रास होतो? कुठलं काम सगळ्यात जड जातं? ही गल्ली सोडून राहशील का?" असं विचारा. आणि त्या सांगतील ते मध्ये न बोलता ऐका. कदाचित त्यांना तो फ्लॅट हवा असेल, लिफ्ट आणि कमोडसाठी. कदाचित शेजारणींना सोडून त्या कुठंच जाणार नाहीत. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी निर्णयात त्याचं वजन मुलाच्या म्हणण्याइतकंच असायला हवं. घर बदलो न बदलो, मागच्या पायऱ्यांना कठडा, एक कमोड आणि हौदावर छोटी मोटर एवढं महिन्याभरात करून टाका. त्यासाठी कुणाच्या संमतीची वाट बघायची गरज नाही.

तुमच्याबद्दलही एक विचारते. पहिल्या दोन पानांवर चौरस फूट आणि लाख आहेत, शेवटच्या पानावर कोपऱ्यावरच्या मारुतीचा कट्टा आहे. रोज संध्याकाळी तिथं जमणारी माणसं, त्यातला एक गेल्या वर्षी गेला तो. मला वाटतं, तीन बेडरूमच्या विरोधामागे हा कट्टा सुटण्याची भीती आहे. ती भीती खर्चिकपणाच्या तक्रारीत लपवलीत तर मुलाला फक्त "बाबांना आमचं चांगलं बघवत नाही" एवढंच ऐकू येईल. त्याला सरळ सांगा की मला इथली माणसं सोडवत नाहीत. मुलाला हे समजतं. कळत नाही ते टोमणे.

हे सदर मुलगा आणि सून वाचत असतील, किंवा त्यांच्यासारखे दुसरे कुणी, तर त्यांच्यासाठीही थोडं. तुमची गरज खरी आहे, पण "आजकाल सगळ्यांकडे असतं" हे कारण देऊ नका. त्यानं आई-वडिलांना त्यांचं घर कमी पडलं, त्यांचं आयुष्य कमी पडलं, असं वाटतं. हे घर बांधताना त्यांनी कोणते दागिने मोडले, किती वर्षं एकच हप्ता भरला, ते विचारा आणि ऐका. मग स्वतःचं मागणं नेमकं सांगा : मला काम करायला दार हवंय, मुलीला कपडे बदलायला आडोसा हवाय. बाबांच्या फंडाला हात लावायचा विचार सोडून द्या. आणि मोठ्या घराचा हप्ता भरण्यासाठी दोघंही रात्री नऊला घरी येणार असाल, तर त्या मोठ्या घरात दिवसभर कोण राहणार, याचं उत्तर आधी एकमेकांना द्या.

काका, क्रम असा ठेवा. आधी काकूंशी बोलणं, मग मुलीला फोन. मग दोन-तीन इंजिनिअरांना विचारून त्यातल्या एकाकडून लेखी तपासणी. ती हातात येईपर्यंत बिल्डरला टोकन देऊ नका, मुलानं दिलं असेल तर पावती आणि परताव्याची अट बघून घ्या. फ्लॅट बघायला जाल तेव्हा काकूंना बरोबर न्या, दुपारी तीनला जा, वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत दहा मिनिटं उभे राहा, आणि शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीतल्या एखाद्या बाईला विचारा की पाणी शेवटचं कधी आलं होतं.